सकाळी सहाचा पारा
रक्तदाब मोजायच्या माझ्या जुन्या पट्ट्याला अजून रबराचा वास येतो आणि मला नोएडातलं एक स्वयंपाकघर आठवतं. तिथले सेक्टर तेव्हा नुकतेच वसत होते आणि मी संधिवातावर संशोधन करत होते. त्या घरातली सून दुपारी माझ्या दवाखान्यात यायची, तोवर तिची बोटं मोकळी झालेली असायची. सकाळी ती आखडतात, यावर घरात कोणाचाच विश्वास नव्हता. म्हणून मी पहिली बस पकडून सहा वाजता तिच्या घरी पोचले. ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. “काम टालने के बहाने हैं, डॉक्टरनी जी,” सासूबाई म्हणाल्या. मी पट्ट्याची गुंडाळी केली, तिच्यात थोडी हवा भरली आणि सुनेला तो मुठीत दाबायला सांगितला. तिने ओठ चावून जोर लावला, तरी पारा जेमतेम हलला. मग तोच पट्टा सासूबाईंना दिला, तर पारा सरसर चढला. त्या काचेच्या नळीकडे बघतच राहिल्या. मग सुनेपुढची कणकेची परात स्वतःकडे ओढून म्हणाल्या, “तू बैठ, बहू.” बाळांनो, आजीचे शोधनिबंध तुम्ही इंटरनेटवर शोधता ना? त्यातल्या पहिल्या निबंधाच्या पहिल्या तक्त्यातली पहिली ओळ त्या सुनेच्या सकाळच्या पाऱ्याची आहे.