काटेबाईंची अर्धी म्हण

शाळेत आम्ही त्यांना काटेबाई म्हणायचो. स्वभावावरून नव्हे, तसा तो थोडा काटेरी होताच; नाव पडलं एका धड्यावरून. दरवर्षी त्या तो घ्यायच्या, पुस्तकात नसलेला: काटेरी झाडांवरून आलेल्या इंग्रजी म्हणी. टेबलावर गुलाबाची फांदी ठेवायच्या, अर्धी म्हण म्हणायच्या आणि कुणावर तरी बोट रोखायच्या. उरलेली अर्धी त्याने पुरी करायची. काट्यांवाचून गुलाब नाही. काटेरी झुडपाला द्राक्षं लागत नाहीत. आणि त्यांची लाडकी: काटे पसरणाऱ्याने अनवाणी चालू नये. चुकलं की म्हणायच्या, "डोकं घरी विसरलास वाटतं?"

मी साहित्य शिकले ते त्यांच्यामुळे. पुढे बाई माझ्या मैत्रीणच झाल्या.

यंदा त्यांना पक्षाघाताचा झटका आला. लुळा पडलेला हात सावरला, पण वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाठ असलेलं आधी परत येतं. पण येईलच, असं मी सांगत नाही."

बाईंच्या यजमानांचं, काकांचं, घराखालीच चपलांचं दुकान. ते त्यांनी बंदच ठेवलं. एरवी दिवसभर बायकोची टर उडवणारा माणूस. आता घरात पावलंही चोरून टाकायचा. मला दारापर्यंत सोडायला येऊन कुजबुजायचा, "भांडायला तरी बोलेल ना गं?"

मी रोज जायचे. पाढे झाले, कविता झाल्या. बाई खिडकीबाहेर बघत बसायच्या.

एका दुपारी मी गुलाबाची फांदी टेबलावर ठेवली. बोट रोखलं. अर्धी म्हण म्हटली. काही नाही. दुसरी म्हटली. बाईंचे डोळे भरून आले. पुरे करावं, असं वाटलं. शेवटची म्हणून लाडकी घेतली.

"ही हू स्कॅटर्स थॉर्न्स..."

काका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांच्या तोंडून निसटलंच.

"त्याने शेजारी चपलांचं दुकान टाकावं!"

ही त्यांची जुनी खोडी. बाई घरी धड्याची तयारी करायच्या तेव्हा हे आतून असंच ओरडायचे आणि बाई खवळायच्या. काकांनी जीभ चावली.

बाईंची मान वळली. कपाळावर आठी पडली. ती आठी मी ओळखत होते. तिने अख्खा वर्ग गप्प व्हायचा.

"गो," बाई म्हणाल्या. "गो बेअरफूट."



बाईंनी मान झटकली. उत्तर चुकलं होतं आणि ते त्यांना सोसवेना.

"नॉट!" त्या ओरडल्याच. "नॉट गो बेअरफूट!"

मी काकांच्या हातातला ट्रे काढून घेतला. काका बाईंसमोर जमिनीवरच बसले.

"पुन्हा म्हण. मला नाही कळलं. चपलांचं दुकानच ना?"

बाई शब्द शोधत राहिल्या. आम्ही थांबलो.

"अहो," त्या म्हणाल्या. मग, "गाढव."

मला हसू आवरेना. काका डोळे पुसत म्हणाले, "ऐकलंस? मला म्हणाली!"

दुसऱ्या दिवशी गेले तर दुकान उघडं. काका गुडघ्यावर बसून एका गिऱ्हाइकाच्या पायात सँडल चढवत होते.

"वर जा," ते म्हणाले. "सकाळपासून गाढवच आहे मी. तू दुसरी म्हण सुरू कर. चुकायला आलोच."