होडी भरून बघायची असते

माझ्या आत्याला पोहता येत नाही. प्रवरेच्या पुलावरून एसटी जायला लागली की ती खिडकीकडून तोंड फिरवून बसते. तरी माझ्याकडे आज जी कनू आहे ती तिनं निवडलेली आहे, आणि माझ्या ओळखीत तिच्याएवढी पारख असलेलं दुसरं माणूस नाही.

कनू म्हणजे वरून उघडी, अरुंद होडी. तिच्यात गुडघे टेकून बसायचं, मांड्यांवरून पट्टे घ्यायचे आणि एका पात्याच्या वल्ह्यानं ती हाकायची. दिवसा मी नागापूरच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरवर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो. पावसाळा सरत आला आणि पाण्याचा पहिला माज उतरला की सुट्टीच्या दिवशी अकोले तालुक्यातल्या उताराच्या ओढ्यांत उतरतो. काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून पाणी उड्या घेत येतं, त्याच्याबरोबर आपणही यायचं. लोक तिथं धबधबे बघायला जातात. मी धबधब्यातून खाली येतो असं नगरमध्ये कुणाला सांगितलं, की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे.

ही कनू घेण्याच्या आदल्या वर्षी असाच एक ओढा उतरताना माझी जुनी कनू गेली. शेवटच्या पायरीवरून खाली आलो तेव्हा ती काठोकाठ भरली होती. समोर एक खडक होता. तो मला दिसत होता, वल्हं हातात होतं, पण भरलेली कनू वळेना. ती आडवी होऊन खडकाला लागली आणि पाण्याच्या रेट्यानं मधोमध दुमडली. माझा उजवा गुडघा पट्ट्याखाली अडकला. काठावर माझा जोडीदार होता, माझ्याच कारखान्यातला. त्यानं दोर टाकला आणि ओढून काढलं म्हणून मी वाचलो. त्या पाण्याखालच्या क्षणांबद्दल मी घरी फार बोललो नाही. पाय मुरगळला, एवढंच सांगितलं.

आत्याला ते पटलं नाही. ती आमच्या शेजारच्याच गल्लीत राहते. आई लवकर गेल्यावर मला तिनंच वाढवलं, त्यामुळे माझं खोटं तिला उंबऱ्यातूनच कळतं. तिनं जोडीदाराला फोन लावला, "जय भीम" म्हणून सुरुवात केली आणि त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मला वाटलं, आता रडारड होईल, शपथा घातल्या जातील. तसलं काही झालं नाही. ती आली, माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ती होडी पारखली कोनी हुती?"

मीच, असं मी सांगितलं.

"मग फुडची मी पारखनार," ती म्हणाली. "न्हाईतर त्या ओढ्याचं नाव काढू नको."

हसण्यासारखी गोष्ट होती, पण मी हसलो नाही, कारण आत्या प्लास्टिकची माणूस आहे. पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तिनं तीस वर्षं काढली. सातवी शिकलेली बाई, लागली ती टाक्यांच्या कडा चाकूनं साफ करायला. तिथं साच्यात प्लास्टिकची पूड टाकतात, साचा बंद करून भट्टीवर गरागरा फिरवतात, पूड वितळून आतून सगळीकडे बसते आणि टाकी तयार होते. कनूही अगदी अशीच बनते. आत्या बोटाचं पेर टाकीवर वाजवायची, मान तिरकी करून ऐकायची आणि खडूनं खूण करून "पास" म्हणायची, नाहीतर काहीच न म्हणता पुढच्या टाकीकडे जायची. डिग्रीवाले साहेब तिच्या मागे उभे राहून तिच्या तोंडाकडे बघायचे. तिला कधी इन्स्पेक्टर म्हणून नेमलं नाही, पण तिनं न वाजवलेली टाकी गेटबाहेर जात नसे. निवृत्तीनंतरही आसपासचे लोक फुटलेली टाकी घेऊन तिच्याकडेच येतात, आणि ती गरम हवेच्या गननं प्लास्टिकची पट्टी वितळवून ती सांधून देते. लहानपणी मी तिचा डबा घेऊन कारखान्यात जायचो आणि तिचा हात बघत बसायचो. तो कधी थरथरलेला मी पाहिला नव्हता.

आपल्याकडे अशी कनू दुकानात मिळत नाही. जुनी मिळाली तर मिळाली. मे महिन्यात कळलं की देवळाली प्रवराच्या बाजूला एका ऊसवाल्यांकडे दोन आहेत. पूर्वी ते धरणाच्या पाण्यावर पर्यटकांना होड्या द्यायचे, मग तो धंदा बंद केला आणि होड्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये टाकल्या. मी, जोडीदार आणि आत्या, असे तिघं त्याच्या टेम्पोतून गेलो. मी जाताना वही घेतली होती. तिच्यात लांबी, रुंदी, वजन, तळाचा आकार असं सगळं उतरवलेलं. आत्यानं तिची छोटी टॉर्च, चाकू आणि खडू घेतला होता.

शेडमधली लाल कनू बघितली आणि माझी वही मिटली. लांब, सडपातळ, तळ सपाट, बाजूंना छान धार, आणि चकाकत होती. दुसरी आखूड आणि फुगीर, टोकं वर वळलेली, पोट गोल. रंग कधीतरी निळा असावा. असा आकार कुणी मुद्दाम काढला असेल असं वाटेना. मी आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो की लालवालीच घ्यायची. तिनं दोन्हींभोवती एकेक फेरी मारली.

पाण्यात बघितल्याशिवाय घेऊ नका, असं मालकांनीच सांगितलं. पण पाणी होतं कुठं? त्यांच्या शेततळ्यात. मी तयारही झालो. उताराच्या ओढ्यात न्यायची होडी चारी बाजूंनी काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या, पानही न हलणाऱ्या शेततळ्यात तपासायची, ही अक्कल आमच्या जिल्ह्यातल्या माणसालाच सुचणार. मालकांचा सगळा जीव त्या कागदात होता. होडी घासून कागद फाटू नये म्हणून त्यांनी उतारावर रिकामी पोती अंथरली.

लाल कनूत बसलो आणि सुखावलो. दोन वल्ह्यांत ती तळ्याच्या पलीकडे. सरळ सुटायची, हलायचं नाव नाही. मग निळी घेतली. ती नुसती डुगडुगायची. पुढे जाण्यापेक्षा गोल फिरण्यात तिला जास्त रस. मी तोंड वाकडं करून काठाला आलो आणि निकाल सांगितला.

आत्या बांधावर पाय पसरून बसली होती. तिनं मालकांना विचारलं, पाण्याची मोटार चालू आहे का. होती. मग ती मला म्हणाली, "आमी रिकामी टाकी कधी पास करत न्हाई. रिकामी सगळ्यांचीच बरी दिसती. भर तिला."

मला कळेना, होडी भरायची म्हणजे काय. पाणी बाहेर राहावं म्हणून तर होडी असते. हे मी तिला इंजिनिअरच्या आवाजात समजावून सांगितलं, आणि ते आठवलं की आजही माझे कान तापतात. तिनं शांतपणे विचारलं, मागच्या वर्षी शेवटच्या पायरीला तुझी होडी रिकामी होती का भरलेली?

एवढ्या वर्षांत हा प्रश्न माझ्या वहीत एकदाही आला नव्हता. उताराच्या ओढ्यात उघडी कनू भरतेच. रिकामी ती फक्त वरच्या पायरीपर्यंत असते.

मग जोडीदारानं मोटारीचा पाइप धरला आणि मी आत बसलेलो असताना लाल कनू भरायला घेतली. तिची टोकं बारीक, पाणी कमी मावावं म्हणून त्यांत कोंबलेल्या हवेच्या पिशव्याही बारीक, मध्ये पाण्याला भरपूर जागा. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा ती जडशीळ झाली. मी वळवायला वल्हं मारलं. आतलं पाणी एका बाजूला धावलं, त्यामागोमाग मी, आणि त्या शांत शेततळ्यात, वाऱ्याची झुळूक नसताना, मी आडवा झालो. वर येऊन कागदावरून चढायला गेलो तर घसरून पुन्हा आत. मालकांनी बांधलेला दोर धरून शेवटी बाहेर आलो. जोडीदार हसून बेजार झाला होता. आत्या हसत नव्हती.

निळी भरली. तिची टोकं फुगीर, तिथल्या पिशव्या मोठ्या, त्यामुळे पाणी फक्त माझ्या गुडघ्यांभोवती मावलं आणि वरचं आपोआप सांडून गेलं. रिकामी असताना डुगडुगणारी ती गोल पोटाची कनू आता जागेवर बसली होती. मी वल्हं मारलं, ती वळली. दुसऱ्या बाजूला मारलं, तिकडेही वळली. जड होती, पण ऐकत होती. मी तळ्याच्या मध्यावर पुन्हा पुन्हा गोल फिरत राहिलो. मागच्या वर्षीचा तो खडक डोळ्यांपुढे आला आणि मला त्या पाण्यातच भरून आलं.

तरीसुद्धा माझा हट्ट पुरता गेला नव्हता. लाल कनूत मोठ्या पिशव्या बसवता येतील, असं मी म्हणून पाहिलं. चकाकी माणसाला किती वेडं करते बघा. आत्या उठली, तिनं लाल कनू उन्हात पालथी घालायला लावली, पदर खोचला आणि साठी उलटलेली ती बाई सरळ तिच्याखाली शिरली. आतून तिनं मला हाक मारली. मीही शिरलो. आम्ही दोघं त्या लाल उजेडात गुडघ्यांवर बसलो. वरून ऊन पडत होतं, आणि बसायच्या जागेच्या पुढे, तळाला, तळहाताएवढा एक डाग बाकीच्या अंगापेक्षा कितीतरी उजळ दिसत होता. वर्षानुवर्षं काठावरून ओढून ओढून ती तिथं झिजली होती. तिनं माझं बोट धरून त्या डागावर दाबलं. तिथलं प्लास्टिक लवलं.

"हितं तुजं गुडगं असत्याल," ती हळूच म्हणाली.

निळीखाली आम्ही पुन्हा शिरलो. तिथं अंधार होता, सगळीकडे सारखा. आत्यानं तिची टॉर्च बाहेरून तळाला लावायला लावली, तरी एकही जागा उजळली नाही. बाहेर येऊन तिनं कडेला चाकू लावला. प्लास्टिकची लांब, गोल वळलेली साल निघाली. ती तिनं माझ्या तळहातावर ठेवली. मेलेलं प्लास्टिक असतं तर भुगा झाला असता, हे ती मला मी आठ वर्षांचा असल्यापासून सांगत आली होती. उन्हानं रंग उडाला होता, अंग शाबूत होतं. मग तिनं पेर वाजवलं, मान तिरकी केली, आणि आतल्या बाजूला खडूनं खूण केली.

"पास."

मालकांनी मला सोडून तिलाच चहा आधी दिला. लाल कनू आता कुणाला ओढ्यासाठी देणार नाही, तळ्यातच ठेवीन, असं त्यांनी आपणहून सांगितलं. माणूस सरळ होता. त्यांनाही तो डाग माहीत नव्हता.

सप्टेंबरात आम्ही त्याच ओढ्यावर गेलो. मी आत्याला नको म्हणालो होतो. चिखल आहे, निसरडं आहे, जळवा आहेत. माल गेटबाहेर गेला की काम संपलं असं आपण कधी मानलं नाही, असं ती म्हणाली, आणि टेम्पोत पुढे बसली. शेवटच्या पायरीखालच्या डोहाशी, सपाट खडकावर, छत्री घेऊन ती बसली. जोडीदार दोर घेऊन तिच्याशेजारी उभा राहिला.

वर जाऊन मी पट्टे आवळले. लाज कशाला, भीती वाटत होती. पहिली पायरी बरी गेली. दुसरीला पाणी आत आलं. तिसरी शेवटची, तिच्यावरून खाली पडलो तेव्हा नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे पांढरं, आणि गुडघ्यांभोवती तो ओळखीचा गारवा. कनू भरली होती. समोर खडक होता, मागच्या वर्षीच्याच जागी. मी वल्हं खोल घातलं आणि अंगातलं होतं नव्हतं ते लावून ओढलं.

ती वळली. जडपणानं, सावकाश, शेततळ्यात वळली होती तशीच. खडक माझ्या खांद्याजवळून हातभर अंतरावरून गेला आणि मी डोहात आलो.

काठाला लागलो तरी मला उठता येत नव्हतं. आत्या छत्री टाकून पाण्यात उतरली, पोहता न येणारी माझी आत्या, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. माझ्याकडे न बघता तिनं आधी कनूवर पेर वाजवलं. पुढून मागेपर्यंत, चार ठिकाणी. मान तिरकी करून ऐकलं. मग तिनं माझ्या हेल्मेटवर वाजवलं, एकदा, आणि पुन्हा एकदा, कारण पहिल्यांदा तिचा हात थरथरला आणि नीट वाजलं नाही.

"पास," ती म्हणाली. मग तिथंच खडकाला टेकून बसली आणि बराच वेळ उठली नाही.