दुसऱ्याच्या बाटलीतल्या गोळ्या

पेंटरचा स्वभाव मुळातच जळका. दुसऱ्या कुणी रंगवलेली दुकानाची पाटी दिसली की हा मुद्दाम रस्ता ओलांडून जायचा, आणि एखादा वाकडा काना सापडला की त्याचा दिवस मजेत जायचा. मग त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण ब्रश धरणारा उजवा हात मांडीवर नुसता पडून राहू लागला. त्या हाताशिवाय पेंटर कसला!

हॉस्पिटलात अशा पेशंटांवर एका गोळीची चाचणी चालली होती. फळांच्या सालीतला कसलासा अर्क. त्याने मेंदू लवकर सावरतो का, ते बघायचं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

पेंटरला मात्र पक्कं ठाऊक होतं. खरी त्या चाचणीतल्याच दुसऱ्या पेशंटला, हेडमास्तरला! दोघं एकाच आठवड्यात आडवे झालेले, आणि तो मेला आता कप उचलून चहा पितो, वर "प्रयत्न सोडू नका हं" म्हणून शिकवतो. पेंटरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"आपल्याला खडू चारतायत," तो बायकोला म्हणाला.

"गप घ्या गोळी." तिने रोजच्यासारखं झाकण उघडून दिलं. दाबून फिरवायचं झाकण ते, एका हाताने उघडणारं नव्हे.

पुढच्या तपासणीला दोघंही आपापल्या गोळ्यांच्या बाटल्या घेऊन हॉस्पिटलात आले. पेंटरची बायको केसपेपरच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिली. "जरा लक्ष ठेवा हं," म्हणत हेडमास्तर पिशवी बाकावर ठेवून बाथरूमला गेला. पेंटरने मागचापुढचा विचार केला नाही. पिशवीतून त्याची बाटली काढली, आपल्या गोळ्या रुमालात ओतल्या, त्याच्या गोळ्या आपल्या बाटलीत ओतल्या आणि रुमालातल्या त्याच्या बाटलीत भरल्या. तिचं झाकण घट्ट लावून पिशवी जागच्या जागी ठेवली. हेडमास्तर आला, आभार मानून चालू लागला. पेंटरला मनातून गुदगुल्या झाल्या.

बायको परतली तेव्हा तो स्वतःच्या बाटलीचं झाकण फिरवत होता.

"अहो!" ती किंचाळलीच. "बाटली उजव्या हातात धरलीय तुम्ही!"

पेंटरने खाली पाहिलं. पाचही बोटं बाटलीभोवती घट्ट आवळलेली होती.

"गोळी लागू पडली हो!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरी आपल्यालाच होती!"

पेंटरचा चेहरा पांढराफटक पडला. दारातून हेडमास्तर पिशवी हलवत बाहेर पडत होता.

"थांबव त्याला!" पेंटर ओरडला. "माझ्या गोळ्या घेऊन चाललाय तो!"