चौथ्या राज्यातले कबरचोर

“हे पान तुझं. तुझ्या तर रक्तातच आहे ते.”

निखिलदादा हे मराठीत म्हणाला. टेबलाभोवतीच्या बाकीच्या दोघांना कळू नये म्हणून. आणि हसला.

२०१६ साल. परदेशातलं आमचं शहर, त्यातल्या हिल्सबरोत त्याचं घर, रविवारची दुपार. निखिलदादा पुण्याचा, ऑफिसात माझा टीम लीड. शिक्षण संपल्यावर मला टेस्टिंगची नोकरी लागली ती त्याच्या शब्दावर. रेसिडेन्सीच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीच्या अर्जाला लागणारं पत्रही तोच देणार होता. त्यामुळे त्याने खेळायला बोलावलं की मी जायचे. आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

खेळ गोष्टीचा. एकजण काल्पनिक जग रचतो. बाकीचे त्यातलं एकेक पात्र घेतात, फासे टाकतात, गोष्ट पुढे नेतात. जग निखिलदादाचं. त्याचं पुढे पुस्तक काढायचं होतं त्याला. त्या दिवशीचा विषय, कबरी फोडण्याचा धंदा. दर राज्यात त्याची तऱ्हा वेगळी. डोंगरातल्या राज्यात कबरी फोडतात ते विद्वान, मेलेल्या राजांच्या पोथ्या बाहेर काढतात, दरबारात मान. बंदरावर त्यांना परवाना, गणवेश. वाळवंटात आधी प्रार्थना, मग कुदळ.

ऑफिसातला गोरा डिझायनर ब्रेट. त्याने विद्वान घेतला. ब्रेटची शेजारीण, तिचं नाव हिने; माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांतली, शाळेत शिकवणारी. ती म्हणाली, कबर फोडणारं पात्र मला नको, आमच्यात मेलेल्यांशी खेळत नाहीत. निखिलदादाने लगेच तिला वैद्यीण दिली. “टोटली रिस्पेक्ट दॅट,” म्हणाला.

मला चौथं राज्य. तेच ते पान.

वाचायला लागले. हे लोक जन्मानेच कबरचोर. गावाच्या पूर्वेला, वेशीबाहेर राहतात. कुणी मेलं की मसणाच्या कडेला उभे राहतात. प्रेतावरचं कापड घेतात. त्याचीच झबली शिवून पोरींना घालतात. दुसरं काही करायची त्यांना इच्छाच होत नाही.

झबलं.

ते झबलं माझ्या आत्याचं होतं.

काही महिन्यांपूर्वी मी आणि निखिलदादा अवोन्डेलच्या बाजारातून भाजी घेऊन येत होतो, त्याच्या गाडीत. रस्त्याकडेला कबरस्तान दिसलं. त्याने सहज विचारलं, “तुमच्यात जाळतात की पुरतात?” मी सांगत गेले. आम्ही महार, सातारा जिल्ह्यातले, वस्ती गावाच्या पूर्वेला. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन परगावी पळायचं काम माझ्या आज्ज्याचं. सरणाची लाकडं वाहायची. बदल्यात मढ्यावरचं कापड. आजीने त्यातलंच आत्याला झबलं शिवलं. पुढचंही सांगितलं मी त्याला. छप्पन साली दीक्षा घेतली, त्यानंतर पाटलाच्या घरात मयत झाली. आज्जा गेला नाही. “कापड तुमचं तुम्हालाच राहू द्या,” एवढा निरोप धाडला. गावाने काम देणं बंद केलं. दुकानातलं मीठ बंद केलं. आज्जा हलला नाही.

“हेवी आहे गं,” निखिलदादा तेव्हा म्हणाला होता. मला बरं वाटलं होतं. परक्या मुलखात आपलं माणूस भेटलं, असं.

पानावर कापड होतं. झबलं होतं. नकार कुठेच नव्हता. पान उलटून पाहिलं. मागेही नव्हता.

“हे माझ्या आज्ज्याचं आहे,” मी म्हणाले.

“अगं, इन्स्पिरेशन. फँटसी आहे ही. त्याचं नाव कुठे लिहिलंय?”

“मला हे पात्र नको.”

“चिल ना. सगळ्यांसमोर सीन करू नकोस. उद्या ऑफिसात बोलू.”

ऑफिस. बरोबर शब्द काढला त्याने. पत्र आठवलं, व्हिसा आठवला. आणि मी फासे उचलले. हो, खेळले. एक डाव खेळले मी.

“गो ऑन, ग्रॅब द क्लॉथ!” ब्रेट ओरडला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. सहा पडले, कापड मिळालं. निखिलदादाने टाळ्या वाजवल्या.

“बघ. म्हटलं नव्हतं?”

मी उठले. खुर्ची मागे पडली. इंग्रजीत बोलले. अशा वेळी माझं इंग्रजी तुटतं. तुटू दिलं.

“हा माझा आजोबा आहे. तो चोर नव्हता. त्याला बोलावून उभा करायचे आणि कापड अंगावर फेकायचे. एक दिवस तो नाही म्हणाला. हे सगळं मी याला सांगितलंय. याने कापड घेतलं, ‘नाही’ टाकून दिलं.”

निखिलदादा समजावू लागला, कल्चरल मॅटर आहे, कॉम्प्लिकेटेड आहे. हिनेने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, “व्हॉट वॉज हिज नेम?”

गाव त्याला धोंड्या म्हणायचं. मी पूर्ण सांगितलं. धोंडिबा सखाराम कांबळे.

बाहेर पडले. रविवारची बस तासाने एक, थांबवेना. चालत सुटले. चढावर जँडलचा, इथल्या रबरी चपलेचा, पट्टा तुटला, ती हातात घेऊन अनवाणी चालले. राग त्याच्यावर होता, पण स्वतःवर जास्त. तो एक डाव का खेळले? अजून खुपतं ते.

सोमवारी त्याने मीटिंग रूममध्ये बोलावलं. “ओव्हररिअ‍ॅक्ट केलंस. चल, पूर्वेचं पश्चिम करतो. बाकी राहू दे, ते स्ट्राँग आहे. तुझं पत्र पण आजच टाइप करतो.” दोन्ही एका श्वासात.

“हिने नको म्हणाली, ते तू एका मिनिटात ऐकलंस, निखिल,” मी म्हणाले. ‘दादा’ तोंडातून आलंच नाही. “पत्र द्यायचं तर दे, नाहीतर नको देऊस. पण ते पान काढ.”

“पुस्तक माझं आहे.”

“आज्जा माझा आहे.”

पत्र आलं नाही. आज देतो, उद्या देतो. शेवटी मी हेन्डरसन भागात दुसरी नोकरी धरली, आधीपेक्षा हलकी. रेसिडेन्सीचा अर्ज दोन वर्षं मागे पडला. मराठी लोकांच्या कार्यक्रमांत कुजबुज ऐकू येते, “खेळावरून भांडली ती हीच.” हो, हीच.

त्याचं पुस्तक अजून निघालेलं नाही. निघेल. कुठल्यातरी हॉलमध्ये तो ते लोकांना वाचून दाखवेल. मी जाईन. पुढच्या रांगेत बसेन. चौथं राज्य आलं की उभी राहीन आणि त्याला मधेच थांबवेन. लोक म्हणतील, खाली बस.

बसणार नाही.