नाव घे म्हटल्यावर

आमच्या महिला मंडळात मध्यंतरी एका संस्थेची मुलगी आली होती. माणसांची खरेदी-विक्री होते, लोकांना जागं करायचं आहे, असं म्हणाली आणि भिंतीवर पोस्टर लावलं. पोस्टरवर साखळीनं बांधलेले दोन हात. मी म्हटलं, बाई, विकत आणलेली मुलगी मी पाहिली आहे. तिच्या हातांत साखळी नव्हती, कोपरापर्यंत मेंदी होती. ती म्हणाली, काकी, मग तुम्हीच लिहा. मी चौथी पास. जमेल तसं लिहिते. नावं कुणाचीच लिहीत नाही.

तेव्हा आम्ही उज्जैनला देवास गेटच्या मागच्या गल्लीत राहत होतो. माझे यजमान रेल्वेत बाबू होते. समोर दूधवाल्यांचं घर. दारात म्हशी, घरात म्हातारी अम्मा आणि तिचे तीन मुलगे. गावातल्या मिल एकेक करून बंद पडत होत्या, त्यात मधल्याची नोकरी गेली. तिघांपैकी एकाचंही लग्न होत नव्हतं. त्यांच्या समाजात मुलीच कमी, आणि ज्या होत्या त्यांचे बाप म्हशींचं शेण काढायला मुलगी द्यायला तयार नव्हते.

एका सकाळी त्या घरात सून होती. ना बँड, ना वरात, ना जेवणावळ, हातांवर तेवढी कोपरापर्यंत मेंदी. मधल्याची बायको. अम्मा दूध घालायला आली तेव्हा म्हणाली, "गूँगी है बिचारी. दूर की है. बिना दहेज के ले आए, हमने सोचा पुन्न का काम है."

गल्लीनं कौतुक केलं. मीही केलं. मुकी मुलगी कोण करतं? मुलगी सतरा-अठराची असेल. अंधारात उठायची, शेण काढायची, चारा टाकायची, बादल्या उचलायची. दिवसभर तोंडावर घूंघट. वर्ष होत आलं तरी तिच्या माहेरचं काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. राखीला इथं गल्लीभर भाऊ येतात, तिच्याकडे कुणी आलं नाही. कुणी विचारलंच तर अम्माचं उत्तर ठरलेलं, "दूर की है." दूर म्हणजे कुठं, हे कुणी पुढे विचारत नसे. आमच्या घराच्या पायरीकडे मात्र अम्मा तिला कधी फिरकू द्यायची नाही. मला वाटायचं, आमच्या फोडणीतल्या मिरच्यांचा ठसका अम्माला सोसत नसेल.

चैत्रात मी गौर मांडायची. हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्यांना बोलावणं असे, मराठी आणि हिंदी दोन्ही. त्या वर्षी मी अम्माला म्हटलं, नवी सून आहे, नारळ आणि ब्लाउजपीस देऊन तिची ओटी भरायची आहे. अम्मा ब्लाउजपीसवर पाघळली. शिवाय मुकी मुलगी, बोलणार काय? घेऊन आली. तिला भिंतीला टेकून बसवलं आणि स्वतः शेजारी बसून डाळ खाऊ लागली.

आमच्यातल्या एकीची नवी सून होती. बायकांनी तिला धरलं.

"नाव घे गं. आमच्या वेळी आम्ही पानभर घ्यायचो."

"काकू, मला नाही येत."

"बँकेत नोकरी येते, नाव घेता येत नाही होय?"

तिनं कसंबसं घेतलं. मग एक चावट बाई दूधवाल्यांच्या सुनेकडे बघून म्हणाली, "आता हिनं घ्यायचं." दुसरी लगेच तिच्यावर डाफरली, "गप गं, मुकी आहे ती. पाप लागेल."

हे सगळं मराठीत चाललं होतं. मी त्याच वेळी मुलीला कुंकू लावायला वाकले होते. "मुकी" शब्दाला तिनं झटकन वर पाहिलं. ज्याला भाषा कळत नाही तो असं पाहत नाही. मी हळूच म्हटलं, "नाव घे."

तिनं घूंघट मागे सारला आणि मोठ्यानं म्हणाली,

"तुरीले आल्या शेंगा, पराटीले बोंड,
कोनाचंबी नाव नाही घेत, दाखवा बापाचं तोंड."

उखाणा संपला की हसायचं आणि टाळ्या वाजवायच्या, ही सवय. अर्ध्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मुकी बोलली हे ध्यानात आलं, तशा टाळ्या थांबल्या.

अम्माला मराठी कळत नव्हती, पण ती मूर्ख नव्हती. हातातली वाटी टाकून तिनं गौरीपुढे लोटांगण घातलं. "बोल पड़ी! गौरा मैया ने जीभ खोल दी! अरे देखो रे, चमत्कार!"

हिंदी बायकांनी मुलीचे पाय धरले. कुणी खणाची घडी तिच्या मांडीवर ठेवली, कुणी तिच्या पायाची धूळ पोराच्या कपाळाला लावली. मुलगी काय बोलली ते विचारायला कुणाला सवड नव्हती. आमच्यातली बँकवाली म्हणाली, "काकू, गंमत केली असेल." पण पराटी म्हणजे कपाशी, आणि हा शब्द वऱ्हाडात बोलतात. माझी आत्या तिकडे दिली होती. उज्जैनची कुठलीही बाई गंमत म्हणून पराटी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवसापासून समोर दर्शनाला रांग लागली. मुलीला खाटेवर बसवलं होतं, पुढे नारळांचा ढीग. अम्मा तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली आणि कुणी काही विचारलं की तीच उत्तर द्यायची. मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "नसत्या भानगडीत पडू नकोस. दूध बंद करतील." मी ठाण्यात गेले. तिथला साहेब हसला. "काकी, शादीशुदा औरत है. और अब तो सुना है देवी है. देवी को मैं थाने में बिठाऊँ?"

मग मीही नारळ घेतला आणि समोर गेले. अम्मा म्हणाली, "तुमने बहुत पुन्न किया बाई, तुम्हारे घर में बोली." मी म्हटलं, आमच्या मराठीत देवीची आरती म्हणायची आहे. ती नाही कशी म्हणणार? दहा बायका बघत होत्या. मी टाळ्या वाजवत आरतीच्या चालीवर सुरू केलं.

"आई गं माते, गाव तुझं कोणतं, तालुका सांग गं, जिल्हा सांग..."

मुलीनं डोळे मिटले. मग तीही टाळ्या वाजवू लागली आणि त्याच चालीवर तिनं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, वाण्याच्या दुकानात फोन आहे ते सांगितलं.

"मावशी म्हने गिरणीतला नवरा, लगनाचा खर्च नाही गं माय. घरात हायेत तिघं बाप्ये, तिघंबी येतात गं माय. कोनासंग बोलू देत नाही, बोलली तं मारते गं माय."

तिच्या शेजारी बसून अम्मा ताल धरत होती. मागच्या बायका "जय हो" म्हणत होत्या. मला चाल सोडून चालणार नव्हतं. शेवटी मी हात जोडले आणि पाया पडून उठले.

गावाचा फोन मिळवायला वेळ लागला. आमच्या नाक्यावर नवीनच एसटीडीचा बूथ झाला होता. बूथवाल्यानं इकडे-तिकडे विचारून वाण्याचा नंबर काढून दिला. मी निरोप ठेवला. बाप आला तेव्हा चैत्र संपला होता. धोतर, टोपी, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. आधी समोर गेला. तिथं त्याचा व्याही म्हणून थाट झाला, दाल-बाफले, वर वाटीभर तूप. जेवून तो माझ्याकडे आला आणि ओटीवर बसला.

"घर तं पक्कं हाय," तो म्हणाला. "म्हशी हायेत. मान देला त्यायनं."

"मुलीशी बोललात?"

"बोललो ना. रडू रायली. पोरी रडतेच."

"तिला किती नवरे आहेत, ते विचारलंत?"

त्याला ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. गाळून-बिळून नाही, जसं तिनं सांगितलं तसं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"घरी अजून दोघी हायेत, बाई. हे परत आली तं त्यायचं कसं?"

"ते नंतर बघा. आता उठा."

तो उठला. मीही मागे गेले. दारात उभा राहून तो म्हणाला, "पोरीले न्यायचं हाय." भाषा कळली नाही तरी अर्थ कळला. अम्मा म्हणाली, "ले जाओ. पहले जो गिन के दिया है वो धर दो." मी मराठीत सांगितलं. बाप चक्रावला. "मले? मले काहीच नाही देलं. लगन जमवनाऱ्या मावशीनं एक लुगडं देलं बायकोले." थोरल्या मुलानं त्याची गळपट्टी धरली.

तेवढ्यात मुलगी गोठ्यातून आली. हात शेणानं भरलेले. तिनं केस सोडले आणि दारातच घुमायला लागली. तोंडातून आवाज असा की थोरल्यानं बापाला सोडलं. वर्षात जेवढी हिंदी कानावर पडली होती तेवढी तिनं वापरली. "मेरे को जाना है. मेरे को जाने दो."

गल्ली गोळा झाली. एक बाई ओरडली, "माता बिदा माँग रही है! रास्ता दो!" बायका वाकल्या. थोरला पुढे झाला तर त्याच्याच चुलतीनं त्याला मागे ओढलं, "भसम हो जाएगा, मूरख." अम्मानं माझ्याकडे पाहिलं. चमत्कार तिनंच उभा केला होता, आता तो खोटा म्हणायची सोय नव्हती. अंगात खरंच आलं होतं की मुलीनं आणलं, ते मी तिला विचारलं नाही.

बाप पुढे, मुलगी मागे, तिच्यामागे बायकांचा घोळका, अशी ती बस स्टँडपर्यंत गेली. शेणाचे हात तिनं तिथल्या नळावर धुतले. खंडव्याची बस लागली होती. मी डब्यात पोळ्या दिल्या. बायका फुलं टाकत होत्या, कंडक्टर शिव्या देत होता. बस हलली तेव्हा मला वाटलं, काम झालं.

दिवाळीच्या सुमारास समोर पुन्हा सून आली. ह्या वेळी थोरल्याची. अम्मा म्हणाली, "उड़ीसा तरफ की है." मुलगी बोलत होती, पण काय बोलते ते गल्लीत कुणालाच कळत नव्हतं. मी तिच्या भाषेचं माणूस शोधलं, रेल्वेच्या वसाहतीतसुद्धा विचारलं, मिळालं नाही. मग वाटलं, त्या पहिल्या मुलीचा बाप तरी पोलिसात जाऊन त्या मावशीचं नाव सांगेल, त्या धाग्यानं इथवर कुणी येईल. बूथवर जाऊन फोन लावला. वाण्यानं उचलला.

"ती पोट्टी? तिचं तं लगन झालं ना, बाई. पुन्हा."

"कुठं?"

"राजस्थानात कोठं तं."

"कुणी जमवलं?"

"त्याच मावशीनं. परत आलेली पोट्टी इकडे कोन करते? बाप इथंच बसेल हाय. देऊ का?"

मी म्हटलं, द्या. बापानं "हालो" म्हटलं. माझा आवाज ओळखला. मी गाव विचारलं. जिल्हा तरी सांगा म्हटलं.

"मावशीले माईत," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमची तब्येत बरी हाय ना, बाई?"

मी फोन ठेवला.