दाजींची तिसरी बेडरूम

दाजी कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी त्यांचं एक काम ठरलेलं असायचं. ते उठायचे, बेडरूममध्ये जायचे, मधोमध उभे राहायचे आणि दोन्ही हात पसरून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचे. हात कपाटाला लागला तर तोंडानं 'च्च' करायचे. नाही लागला तर मान डोलवायचे. मग बाहेर येऊन, कुणी विचारलेलं नसताना, हे घर विकायला काढलं तर लवकर जाईल की पडून राहील ते सांगायचे. बारशाला गेले तरी हेच आणि मयताच्या घरी समाचाराला गेले तरी हेच. माझ्या नणंदेचे सासरे वारले तेव्हा आम्ही सगळे खाली मान घालून बसलो होतो आणि आतल्या खोलीतून दाजींचा आवाज आला, "हवा झ्याक येतीय की ओ हितं!" त्या दिवशी धरणी दुभंगली असती तर मी आधी दाजींना आत ढकललं असतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बोलेनही, कारण माणूस चांगला होता. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सख्खा भाऊ बसला नसता असे दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले होते. मंडईत गेले की स्वतःच्या पिशवीबरोबर शेजारच्या म्हाताऱ्या काकूंची पिशवीही भरून आणायचे. हे सगळं खरं आहे. पण माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो गिळून लिहायचं तर मग लिहायचंच कशाला?

त्यांची सगळी नोकरी एका सहकारी बँकेत घरकर्जाच्या टेबलावर गेली. कर्ज मागणाऱ्यांची घरं बघायला ते इंजिनियरबरोबर जायचे. उद्या हप्ते थकले तर हे घर विकून काय हाती लागेल, हाच प्रश्न डोक्यात घेऊन प्रत्येक उंबरा ओलांडायचे. नोकरीत ते बरोबरच होतं. पण माणूस चपला बाहेर काढून घरात येतो, तशी नोकरीही बाहेर काढून यायची असते. ते दाजींना जन्मात जमलं नाही. "शैला, ध्यानात ठेव," ते मला सांगायचे. "गिऱ्हाईक आदी बेडरूमचा आकडा इचारतंय, मग बाकीचं. दोन म्हटलं की फोन ठिवतंय. तीन म्हटलं की गाडी काढून बघायला येतंय. माणसाच्या सवयी हायत या, माझ्या न्हवंत."

शहराबाहेर, कळंब्याच्या बाजूला त्यांनी प्लॉट घेतला आणि घर बांधायला काढलं तेव्हा अक्काचा आनंद बघण्यासारखा होता. तोवर तिचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत झाला होता. नव्या घरात तिला ना मार्बलचा ओटा हवा होता, ना झोपाळा. तिचं एकच मागणं होतं, हॉल मोठा पाहिजे. आमचं माहेर गडहिंग्लजकडचं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला माहेरची सगळी माणसं आदल्या दिवशी अक्काकडे उतरायची, पहाटे उठून डोंगरावर जायची आणि गुलालानं माखून परत जेवायला यायची. भाड्याच्या खोलीत ती माणसं पाय दुमडून झोपायची, कुणी तर बाहेर पायरीवर पडायचं. अक्काच्या जिवाला ते फार लागायचं. "आता ह्या भितीपासनं त्या भितीपर्यंत वाकळा हातरायच्या," ती अर्धवट बांधलेल्या घरात उभी राहून मला दाखवायची, "समदी एका वळीनं झोपली पायजेत. आणि मधी आण्णा." अण्णा म्हणजे आमचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानं स्वतःचं लग्न लांबवून आम्हा दोघी बहिणींना उजवलं. त्याला आपल्या घरात, आपल्या छपराखाली, ऐसपैस झोपलेला बघायचा, एवढंच अक्काला घर बांधून मिळवायचं होतं.

नकाशात हॉल मोठाच होता आणि बेडरूम दोन. पाया झाला, स्लॅब पडला आणि एक दिवस दाजींच्या डोक्यात तिसरी बेडरूम शिरली. हॉलच्या मधून एक भिंत घातली की झालं, असं त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं. मी त्या दिवशी तिथंच होते.

"आवं, पण त्या खोलीत झोपणार कोण?" अक्कानं विचारलं. "पोरगं तर पुण्यात ऱ्हातंय."

"झोपायला न्हवं गं, रिसेलला."

"म्हंजे घर इकायचं हाय?"

"इकायचं न्हाय. पर उद्या इकायची येळ आलीच तर?"

"मग भितबी उद्याच बांधा की!"

त्यावर दाजी ओरडलेच. बाईमाणसाला बाजारातलं काय कळतंय, असं काहीतरी म्हणाले. अक्कानं ताट उचललं आणि आत गेली. आठवडा गेला नसेल, गवंड्यानं भिंत उभी केली. नंतर कळलं की नव्या खोलीत कॉट घातली की दार लागत नाही. मग दार उलटं बसवलं. ते आता हॉलमध्ये उघडायचं आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर आदळायचं. जगभरच्या बेडरूममध्ये हात पसरून फिरणाऱ्या दाजींनी त्या खोलीत हात कधी पसरले नाहीत. पसरता येतच नव्हते.

त्या दिवसापासून त्या घरात एक तिसरंच माणूस राहायला आलं. दाजी त्याला 'डॉक्टर' म्हणायचे. "उद्या एखादा डॉक्टर यील घर घ्यायला," हे त्यांचं पालुपद. भिंतीला खिळा मारायचा नाही, डॉक्टरला भोकं दिसतील. स्वयंपाकघरात फळी ठोकायची नाही, डॉक्टरला काचेची कपाटं लागतील. अक्काच्या सासूसासऱ्यांचा फोटो कित्येक वर्षं फ्रीजवर टेकवलेला होता. जन्माला न आलेला तो डॉक्टर माझ्या बहिणीच्या घरात मालकासारखा राहत होता आणि ती त्याची भाडेकरीण असल्यासारखी दबकत वावरत होती. मी एकदा म्हटलं, "दाजी, तुमच्या डॉक्टरला माझं डोकं तपासायला सांगा, फार उठलंय." दाजी मनापासून हसले. माझा राग त्यांना कधी कळलाच नाही.

नव्या घरातली पहिली यात्रा आली. अण्णा, वहिनी, चुलतभाऊ, त्यांची पोरंबाळं, सगळी आली. उरलेला हॉल बोळासारखा. त्यात दाजींचं लक्ष पांढऱ्या फरशीवर. गुलालाचा डाग फरशीच्या सांध्यात बसला की निघत नाही, हे ते दोन दिवस सांगत होते. आणि मग त्यांनी परस्पर जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. स्टँडजवळच्या लॉजवर त्यांनी माझ्या माहेरच्या माणसांसाठी खोल्या घेतल्या.

"चांगल्या सवच्छ खोल्या हायत," ते दारातच अण्णाला सांगत होते. "गरम पाणी हाय, गाद्या हायत. हितं दाटणीत कशाला झोपायचं? पैशाचं बघू नगा, म्या भरल्यात."

आमच्याकडं बायकोच्या माहेरच्या माणसांना लॉजवर पाठवत नाहीत. त्यापेक्षा तोंडावर दार लावणं बरं, ते निदान वाऱ्यानं लागलं म्हणता येतं. अक्का स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. अण्णाच्या हातात पिशवी होती, ती त्यानं अजून खालीही ठेवली नव्हती.

"बरं केलासा, दाजी," अण्णा हसून म्हणाला. "आमी लई लवकर उठतोय. तुमची झोपमोड नगं."

पुढच्या वर्षी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डोंगरावरून उतरून ती माणसं परस्पर गावाकडं जायची आणि रस्त्यातून फोन करायची, दर्शन चांगलं झालं म्हणून. अक्का दर वर्षी त्या दिवशी सगळ्यांना पुरेल एवढ्या पुरणपोळ्या करायची आणि संध्याकाळी शेजारी वाटून यायची. मी दाजींशी कडाकडा भांडले. "ती काय फिरती सेल्समन माणसं आहेत का लॉजवर ठेवायला?" त्यावर दाजी खरोखर दुखावले. "अगं, सोय केली म्या त्येंची! परक्यानं केली असती का?" म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं. लबाड माणूस असता तर मी एकदा शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्या माणसानं माझ्या बहिणीचं माहेर तोडलं ते चांगल्या मनानं, आणि त्याला ते दिसतही नव्हतं. अजून हात शिवशिवतात.

अशी वर्षं गेली. अक्काचे गुडघे गेले. मुलगा पुण्याला या म्हणून मागं लागला, आणि दाजींनी घर विकायला काढलं. आयुष्यभर वाट बघितलेली वेळ आली होती. फोन भरपूर आले. त्यांचं म्हणणं खरंच होतं, तीन बेडरूम म्हटल्यावर लोक गाडी काढून बघायला यायचे. यायचे, हॉलमध्ये अंग चोरून उभे राहायचे, दोन खोल्या बघायचे आणि तिसरीचं दार उघडलं की त्यांचे चेहरे पडायचे. "ही बेडरूम व्हय? आमाला वाटलं अडगळीची खोली," असं एकजण तोंडावर म्हणाला. आकडा गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणत होता आणि खोली त्याला परत पाठवत होती. दाजी मात्र गिऱ्हाइकांनाच नावं ठेवत राहिले.

मग हुपरीचं एक तरुण जोडपं आलं. चांदीचे पैंजण करणारं घर त्यांचं. मी आणि अक्का हॉलमध्ये गवारी निवडत बसलो होतो. त्या मुलीनं सगळं घर फिरून बघितलं आणि त्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

"काका, ही भित कशाला घातलासा मधीच? पाडली तर केवढा हॉल हुतोय बघा की! आमच्यात पावणं लई येत्यात."

"पर मग दोनच बेडरूम ऱ्हात्यात," दाजी म्हणाले. "उद्या रिसेलला..."

"इकतंय कोण, काका? आमाला ऱ्हायचं हाय."

दाजींनी स्वतःही त्या भिंतीवर एकदा बोटांनी टकटक करून बघितलं. मी अक्काकडे बघितलं. ती गवारीच्या शिरा काढत होती, मान वर केली नाही. त्या जोडप्याला घर पसंत होतं. चार दिवसांनी फोन आला, तेव्हा दाजींनी घर द्यायचं नाही म्हणून सांगितलं. आणि त्याच आठवड्यात गवंडी बोलावून भिंत पाडून टाकली.

मला फोन करून बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा घरभर धुरळा होता आणि दाजींचे केस त्यानं पांढरे झाले होते. लहान मुलासारखे खूश होते. "बघ शैला, केवढा झालाय!" मग आतल्या अक्काला हाक मारली, "अगं, ये की भाईर, बघ तरी!" अक्का भिंतीला धरत धरत बाहेर आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं सावकाश बघून घेतलं.

"झाडायला तेवढं वाढलं," ती म्हणाली आणि आत गेली.

दाजींचा चेहरा मी बघितला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाजी माझ्या दारात. "चल माज्यासंगं गावाला. आण्णाला यात्रंला बोलवायचं हाय." अक्का यायला तयार नव्हती, म्हणून मी. मला जायचं नव्हतं, पण एकट्या दाजींना अण्णासमोर काय बोलायचं ते सुचलं नसतं. वाटेत ते घराबद्दलच बोलत होते, हॉलमध्ये आता किती वाकळा बसतील वगैरे.

अण्णाचं घर अजून तेच, दोन खोल्या आणि पुढं ओसरीसारखा सोपा. अण्णा आता थकलाय, कानानं थोडं कमी ऐकतो. चहा झाला. दाजींनी घसा साफ केला. "आण्णा, भित पाडली म्या. आता जागाच जागा हाय. चैत्रात समदी या ऱ्हायाला."

अण्णानं कप खाली ठेवला. "जागा तवाबी हुती, दाजी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. उसाला पाणी पाजायचं राहिलंय, असं सांगावं तसं म्हणाला.

दाजींनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. चैत्राचं काय, ते अण्णानं सांगितलं नाही, आणि चैत्र आला तेव्हा दाजी नव्हतेच, माघात हृदयविकारानं गेले. पण त्या दिवशी आम्ही निघतो म्हटल्यावर अण्णानं दाजींची पिशवी वहिनीच्या हातात दिली. "आलाईसा तर आजच्या दिस ऱ्हावा. सकाळी जावा." दाजींनी काहीबाही कारणं काढली, ती कुणी ऐकली नाहीत. मी वहिनीजवळ आत झोपले. सोप्यात अण्णाची मुलं-नातवंडं सरकून सरकून झोपली आणि अण्णाशेजारी दाजींची वाकळ पडली.

सकाळी परत निघालो. गाव मागं पडलं, हमरस्ता लागला. मग दाजींनी गाडी उसाच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"शैला," ते म्हणाले, "पाटंचं लई गार झालतं. आण्णा उठला आणि सवताची वाकळ काढून माज्या अंगावर घातली त्येनं. त्येला वाटलं म्या झोपलोय. म्या जागाच हुतो गं."

आणि दाजी रडायला लागले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. म्हातारा माणूस असा रडताना बघवत नाही. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. ती मी बराच वेळ बाहेर काढली नाही.