रुबीनाचं नाव राहील

“मॅडम, हा तुमचा इंडेक्स आहे की चपलेचा नंबर? नाही, चपलेचा तरी जरा मोठा असतो.”

विभागप्रमुख बोलले आणि बैठकीतले सगळे हसले. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाचं नाव होतं, नावापुढं आकडा. दुसऱ्या संशोधकांनी आपल्या पेपरांचा दाखला किती वेळा दिला, यावरून तो निघतो. माझा तीन. सगळ्यांत खाली. मीही हसले. अपमान झाला की हसायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. येत होतं.

सर थांबले नाहीत. “आत यायला दार तुमच्या लोकांना सरकारनं दिलं. आता वर चढायला जिनापण आम्हीच लावून द्यायचा का?”

तुमचे लोक. म्हणजे कोण, हे त्या खोलीत कुणाला विचारावं लागलं नाही.

मी कन्नड तालुक्यातली. घरातली पहिली पदवीधर. आई साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. याच सरांनी मला पीएच.डी.ला घेतलं, पुढं त्यांच्याच विभागात मी शिकवायला लागले. आई सांगायची, “सरांना दुखवू नको बाई. लई उपकार हायेत त्यांचे.” मी मानत होते. मनापासून. सरांच्या मुलाच्या शाळेचे तक्तेसुद्धा मी रंगवून दिलेत.

आता सरांचा आकडा कसा वाढला, तेही ऐका. विभागात कुणीही पेपर लिहिला की त्यावर सरांचं नाव जातं. दुसऱ्या कॉलेजात शिकवणाऱ्या त्यांच्या बायकोचं जातं. जावयाचंही जातं. मग हे तिघं एकमेकांचे दाखले देतात. लग्नातल्या आहेरासारखं. तुम्ही आम्हाला टॉवेल-टोपी, आम्ही तुम्हाला टॉवेल-टोपी. कपाटं भरतात, अंगावर घालायला काही नसतं. याला हे लोक संशोधनाचा प्रभाव म्हणतात. माझ्या एका पेपरावर जावयाचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. तो पेपर कशावर आहे, हे त्यांनी मलाच फोन करून विचारलं. त्यांना मुलाखतीत सांगायचं होतं.

त्या वेळी माझा नवा पेपर तयार होता. कन्नडकडच्या गावांतल्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. काम दोघींचं. मी आणि रुबीना. रुबीना तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. जीपच्या मागच्या सीटवर बाटल्या मांडीवर घेऊन आम्ही वाड्यावस्त्या हिंडलो. निम्म्या तपासण्या तिनं केल्या. एकदा आमचं मापन चुकलं, ते तिनंच पकडलं आणि सगळे नमुने पुन्हा आणायला लावले.

बैठकीनंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेपर चाळला.

“ही रुबीना कोण? इंडेक्स किती?”

“अजून काही नाही सर. पहिलाच पेपर आहे.”

“मग काढ. परिषदेला आले होते ना, त्या परदेशी प्रोफेसरांचं टाक तिच्या जागी. माझं बोलणं झालंय. आंतरराष्ट्रीय सहकार्य दिसतं. कन्नडचं कॉलेज पेपरावर काय दिसतं?”

ते प्रोफेसर वेरूळ बघून, नान-खलिया खाऊन परत गेले होते. आमची एक बाटलीसुद्धा त्यांनी पाहिली नव्हती.

मी रुबीनाला फोन केला. ऐकून ती म्हणाली, “काढून टाक गं. तुझं प्रमोशन नको अडायला.” मग पुढं, “फक्त अब्बांना मी सांगते. त्यांनी सगळ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलंय, पोरीचं नाव छापून येणार म्हणून.”

आणि ती हसली.

ते हसू माझं होतं. बैठकीतलं. या वेळी समोरच्याला तसं हसायला लावणारी मी होते.

मी तशीच केबिनमध्ये परत गेले. दोन सीनियर प्राध्यापक सरांसोबत चहा पीत होते. बरंच झालं.

“सर, रुबीनाचं नाव राहील. तुमचं निघेल.”

“काय म्हणालीस?”

“तुम्ही एक नमुना तपासला नाही. एक ओळ लिहिली नाही.”

एक प्राध्यापक कप ठेवत म्हणाले, “अगं, खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? सरांनी घडवलं तुला.”

सरांचा आवाज अजिबात चढला नाही. “तुझी फाइल माझ्या सहीशिवाय पुढं जात नाही. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

मी जिना उतरले. डोकं साफ होतं. खाल्ल्या घरचे वासे. घर यांचं कधी झालं? ही जागा मी परीक्षा देऊन, मुलाखत देऊन, घटनेनं दिलेल्या हक्कानं मिळवली. सरांनी इतकंच केलं होतं की मला दारात अडवलं नव्हतं. आणि तेवढ्यालाच मी इतकी वर्षं उपकार म्हणत आले.

पेपर दोघींच्या नावानं छापून आला. अजून त्याचा दाखला कुणी दिलेला नाही. माझी बढती अडली आहे. विभागात लोक माझ्याशी कामापुरतं बोलतात. आईला अजून वाटतं, मी सरांची माफी मागावी.

मागणार नाही. याच पदावर निवृत्त व्हावं लागलं तरी होईन. माझ्या हाताखाली जो कुणी काम करेल, त्याच्या पेपरावर फक्त राबणाऱ्यांची नावं जातील. ज्या पेपरात माझं काम नाही, तिथं माझंही जाणार नाही. सरांच्या नावाला यापुढं जागा हवी असेल, तर त्यांनी बाटल्या घेऊन जीपच्या मागच्या सीटवर बसावं.